नवऱ्याच्या उसाचा हिशेब अमेरिकेला देणाऱ्या करसल्लागारास

सल्लागार महोदय,

तुमचं बिल मी वेळेवर चुकतं केलं आहे, तेव्हा माझ्याकडून तुम्हाला काही येणं नाही. तुमच्याकडून मला मात्र बरंच येणं आहे. ते चारचौघांत मागते आहे, कारण फोनवर तुम्ही दर वेळी ‘कायदाच तसा आहे, मॅडम’ म्हणून हात झटकता.

कायदा कसा आहे ते आता मलाही कळलं आहे. मी अमेरिकेची नागरिक. राहते कोल्हापूरजवळ, पगार रुपयांत मिळतो, त्यावरचा कर इथेच कापला जातो. तरीही दरवर्षी अमेरिकेला विवरणपत्र द्यावं लागतं, कारण तो देश माणूस राहतो कुठे हे न बघता नागरिकत्वावर कर लावतो. मेक्सिकोत राहणाऱ्या कुक नावाच्या एका अमेरिकन नागरिकाने याविरुद्ध दाद मागितली होती. १९२४ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या विरोधात निकाल दिला आणि तोच आजही चालतो. मला हा नियम अन्यायाचा वाटतो, पण पासपोर्ट माझा आहे, मी तो पाळते.

माझ्या नवऱ्याने काय घोडं मारलं होतं? तो भारताचा नागरिक, अमेरिकेत कधी पाऊल ठेवलेलं नाही. त्यांच्या करखात्याच्या लेखी तो ‘नॉन-रेसिडेंट एलियन’. त्याच्या इथल्या कमाईशी त्या देशाला काही देणंघेणं नव्हतं. कायद्याने त्याला बाहेरच ठेवलं होतं. त्याला आत ओढलंत ते तुम्ही.

कलम ६०१३ (जी) तुम्हाला पाठ असेल. परदेशी जोडीदाराला ‘रहिवासी’ मानून दोघांचं एकत्र विवरणपत्र भरण्याची मुभा ते देतं. ही मुभा आहे, सक्ती नाही. ती घेतली की त्या जोडीदाराची जगभरातली सगळी कमाई अमेरिकेच्या कागदावर येते, आणि त्या विवरणपत्रावरच्या कराला दोघंही पूर्णपणे जबाबदार होतात. पहिल्या वर्षी दोघांच्या सहीचं निवेदन जोडावं लागतं. ते तुम्ही आमच्याकडून कसं घेतलंत ते आठवतंय? कागदांचा गठ्ठा, जागोजागी पिवळ्या चिठ्ठ्या, आणि ‘जिथे चिठ्ठी तिथे सही’. त्याच गठ्ठ्यात नवऱ्याच्या करक्रमांकासाठीचा डब्ल्यू-७ फॉर्म होता. निवेदनात काय लिहिलं आहे, हे त्याने विचारलं. ‘फॉर्मॅलिटी आहे’ हे तुमचं उत्तर. माझा सगळा राग या एका उत्तरावर आहे. एका माणसाची आयुष्यभराची मिळकत परक्या देशाच्या करकक्षेत नेणारा कागद तुम्ही फॉर्मॅलिटी म्हणून पुढे सरकवलात.

आता त्या फॉर्मॅलिटीचा संसार बघा. नवऱ्याच्या घरची शेती आहे, सातबाऱ्यावर त्याचं आणि भावांचं नाव आहे. शेतीच्या उत्पन्नावर भारतात प्राप्तिकर नाही. अमेरिकेला ती सूट मान्य नाही. म्हणजे उत्पन्न दाखवायचं, पण त्यावर इथे भरलेला कर म्हणून दाखवायला काही नाही. त्यांचं करवर्ष जानेवारी ते डिसेंबर, आपला गळीत हंगाम दिवाळीच्या आसपास सुरू होऊन पुढच्या वर्षात जातो. त्यामुळे एकाच उसाची पहिली उचल एका वर्षाच्या विवरणपत्रात आणि उरलेली रक्कम दुसऱ्या वर्षाच्या. जेवणाच्या टेबलावर कारखान्याच्या पावत्या पसरून नवरा भावांचा हिस्सा वेगळा करतो, मी डॉलरचा दर लावते. पीपीएफचं व्याज इथे करमुक्त, तिथे करपात्र. त्याचे म्युच्युअल फंड तर अमेरिकेच्या नियमांत ‘पीएफआयसी’मध्ये, म्हणजे परदेशी निष्क्रिय गुंतवणूक कंपनीत, मोडतात, दर योजनेमागे वेगळा ८६२१ फॉर्म लागू शकतो, आणि नफ्यावर सर्वांत चढा दर, वर व्याज. मुलीच्या शिक्षणासाठी लावलेल्या एसआयपीची ही गत!

एवढं करून तुम्ही आम्हाला मिळवून काय दिलंत? २०२४ सालासाठी एकत्र भरणाऱ्यांना २९,२०० डॉलरची वजावट आणि वेगळं भरणाऱ्याला १४,६००, हा तुमचा हिशेब. पण माझ्या पगारावर भारतात भरलेला कर परदेशी कराचं श्रेय देणाऱ्या फॉर्म १११६ वर दाखवला की माझा अमेरिकेतला कर आधीच शून्यावर येत होता. शून्यातून तुम्ही आणखी काय वजा करणार होता? आणि वजावटच हवी होती, तर आमची मुलगी आहे, घरखर्चाचा निम्म्याहून जास्त वाटा माझ्या पगारातून जातो. परदेशी जोडीदाराला रहिवासी मानलं नसेल, तर अशा नागरिकाला ‘हेड ऑफ हाउसहोल्ड’ म्हणून भरता येतं. त्याची त्या वर्षीची वजावट २१,९०० डॉलर. त्यात नवऱ्याच्या उसाचं एक कांडंही दाखवावं लागलं नसतं. तुम्ही त्याचं नावही काढलं नाहीत.

सगळ्यात संतापजनक गोष्ट पुढची आहे. वेगळं भरलेलं विवरणपत्र साधारण तीन वर्षांच्या आत दुरुस्त करून एकत्र करता येतं. एकत्र भरलेलं मात्र मुदत उलटल्यावर वेगळं करता येत नाही. ज्याला एवढं माहीत आहे, तो आधी वेगळं भरतो. शिवाय ६०१३ (जी)ची निवड पुढच्या वर्षांनाही आपोआप लागू राहते. ती रद्द करता येते, पण रद्द केली की त्याच जोडप्याला ती पुन्हा कधीही घेता येत नाही. आयुष्यात एकदाच हातात येणारा हा हक्क होता. नवरा निवृत्त झाल्यावर कदाचित त्याचा खरा उपयोग झाला असता. तो आम्हाला न विचारता तुम्ही खर्चून टाकलात.

मी एकटी नाही. पुण्या-मुंबईत, नाशकात, कोल्हापुरात तिकडचं नागरिकत्व घेऊन परतलेले आणि इथे लग्न केलेले अनेक जण आहेत, आणि तुमच्यासारख्यांकडेच जातात. त्यांना एवढंच सांगते: सहीच्या आधी वेगळं, हेड ऑफ हाउसहोल्ड आणि एकत्र असे तिन्ही हिशेब कागदावर मागा. जोडीदाराची शेती, पीपीएफ, फंड यांचं काय होईल ते लिहून घ्या. लिहून द्यायला जो तयार नाही, त्याच्यासमोरून सही न करता उठा.

आणि महोदय, तुमच्याकडून मला तीन गोष्टी हव्या आहेत. आमची निवड रद्द करण्याचं निवेदन मी दुसऱ्याकडून करून घेते आहे, त्यासाठी आमची पूर्ण फाइल आमच्या सह्यांच्या त्या निवेदनाच्या प्रतीसह द्या. ही निवड केलीत त्या वर्षाची फी परत करा. आणि ज्या ज्या जोडप्यांकडून तुम्ही याच पिवळ्या चिठ्ठ्यांवर सह्या घेतल्या आहेत, त्यांना त्यांनी नेमकं काय निवडलं आहे ते पुढच्या विवरणपत्राच्या मुदतीआधी लेखी कळवा, मराठीत, नवरा-बायको दोघांच्या नावे.

– कोल्हापूर जिल्ह्यातली तुमची एक माजी अशील