तिथं काय हाये बघायला?

पाऊस सुरू झाला की डोंबिवलीकराला डोंगर आठवतात. एरवी खिडकीतून त्याची नजर समोरच्या बिल्डिंगमधल्या वाळत घातलेल्या चादरींपर्यंतच जाते. माळशेजला गर्दी, येऊरच्या वाटेवर गाड्यांची रांग, म्हणून मग कोणीतरी जव्हारचं नाव काढतं. १ ऑगस्ट २०१४ला पालघर जिल्हा वेगळा होईपर्यंत जव्हार आपल्याच ठाणे जिल्ह्यात होतं. तेव्हा कोणाला जायची आठवण झाली नाही. परजिल्ह्यात गेलं आणि प्रेक्षणीय झालं.

वाडा, विक्रमगड करत गाडी चढाला लागते. आत पाच माणसं, आठ जणांचं खाणं आणि एक ब्लूटूथ स्पीकर. शांततेसाठी निघालेली मंडळी एक वेळ छत्री विसरतील, स्पीकर विसरत नाहीत. जव्हारात मुकण्यांचा जयविलास राजवाडा बघायचा. या कोळी राजघराण्याचं संस्थान चौदाव्या शतकापासून थेट १९४८पर्यंत टिकलं. आम्हाला शाळेत ते कोणी सांगितल्याचं आठवत नाही. मग दाभोसा धबधबा. सुमारे तीनशे फुटांवरून पाणी कोसळत असतं आणि झाडून सगळे त्याच्याकडे पाठ करून उभे. फोटोत धबधबा मागेच यायला हवा ना!

वारली चित्रं मात्र आम्हाला नवी नव्हती. आमच्या सोसायटीच्या कुंपणावर आहेत, सोफ्याच्या अभ्र्यांवरही आहेत. पाड्यावरच्या एका घरात लग्नाचा चौक पाहिला तेव्हा जरा गप्प झालो. गेरूने सारवलेली भिंत, त्यावर तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग, आणि कुंचला म्हणजे टोक चावून मऊ केलेली बांबूची काडी. चौकात पालघट देवी. तो लिहायचा सवाशिणींनी, आणि लग्न धवलेरीने, म्हणजे त्यांच्यातल्या पुरोहित बाईने, गाऊन लावायचं. लग्नाचं निमित्त सोडून रोज चित्रं काढू लागले ते डहाणूकडचे जिव्या सोमा मशे, १९७०च्या दशकात. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आमच्या अभ्र्यांवर तारप्याभोवतीचा नाच बारमाही चालू असतो, आणि त्यावर बसून आम्ही मालिका बघतो.

ओट्यावर एक आजोबा बसले होते. "कुठलं तुमी?"

"डोंबिवली."

"तिथं काय हाये बघायला?"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. फडके रोड, गणेश मंदिर... आमची यादी पुरी व्हायच्या आत ते म्हणाले, "मी आल्तो एकदा. पोरगा बिल्डिंगच्या कामावर व्हता. नुसती माणसंच माणसं. मंग नाय आलो परत."

दुपारी रानभाजीची थाळी घेतली. कुरडू, कंटोळी, नाचणीची भाकरी. पैसे सांगितले तेवढे मोजले, वर "किती ऑथेंटिक!" असंही म्हणून झालं.

खरं तर हे रान रोज सकाळी आपल्याकडे येतं. खर्डी, आटगाव, आसनगावच्या बाया पहाटेची कसारा लोकल धरतात आणि कल्याण-डोंबिवलीच्या स्टेशनाबाहेर गोणपाट अंथरतात. पहिल्या पावसाची शेवळं त्यांच्याकडेच मिळतात. जांभळट, कणसासारखी ही भाजी ठाण्यातल्या सीकेपी घरांत कोळंबीच्या बरोबरीने मानाची. पण नीट केली नाही तर घसा असा खाजतो की पाहुणे पुन्हा दाराशी येत नाहीत. त्यावर उतारा म्हणून काकडं, म्हणजे रानातलीच आंबट हिरवी फळं, सोबत शिजवावी लागतात. म्हणून शेवळांच्या वाट्यावर या बाया मूठभर काकडं ठेवतात.

जव्हारला एका शब्दाने भाव न करणारी आमची मंडळी इथे मात्र सरसावते. "मावशे, चाळीस काय? तीसला दे."

परवा एकीने मान वर न करता वाट्यावरची काकडं उचलून आपल्या पाटीत टाकली. "ने तीसला. शेवळं तेवढी ने."

मी चाळीस रुपये काढले.