टोपी गेली हो!

सप्टेंबर १९३६. निवडणूक तोंडावर आलेली आणि अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट सिरॅक्यूजच्या सभेत गोष्ट सांगत होते. १९३३च्या उन्हाळ्यात एक भले म्हातारे गृहस्थ, डोक्यावर रेशमी टोपी, धक्क्याच्या टोकावरून पाण्यात पडले. पोहता येत नव्हतं. मित्रानं उडी मारून त्यांना बाहेर काढलं, टोपी मात्र ओहोटीबरोबर गेली. तेव्हा गृहस्थांनी मित्राचे उपकार मानले. आता तीन वर्षांनी ते त्याच मित्राच्या नावानं खडे फोडताहेत : माझी टोपी का घालवलीस?

गोष्ट फर्मास आहे, आणि सांगणाऱ्याच्या सोयीची तर फारच. तिच्यात बुडतो एकच माणूस, आणि तोही टोपीवाला.

तर मान आधी टोपीवाल्यांचा. मार्च १९३३मध्ये रूझवेल्टनी 'न्यू डील' म्हणजे नवा डाव मांडला, तेव्हा महामंदीत चारातला एक कामगार बेकार होता आणि बँकांना कुलपं लागत होती. त्यांनी देशातल्या सगळ्या बँका बंद ठेवल्या, धड होत्या तेवढ्या तपासून उघडल्या, आणि लोक घरात दडवलेले पैसे घेऊन पुन्हा रांगेत उभे राहिले, या वेळी भरायला. भांडवलशाही वाचली. ज्यांची ती होती त्यांची धाप ओसरायला वर्ष-दीड वर्ष लागलं, आणि ओसरताच ते संतापले. ऑगस्ट १९३४मध्ये त्यांनी 'अमेरिकन लिबर्टी लीग' काढली. ड्यू पाँ घराण्यातल्या कारखानदारांना स्वातंत्र्याची काळजी लागून राहिली होती. कोणाच्या, हे अशा वेळी विचारायचं नसतं. रूझवेल्टच्या पक्षाचे सूत्रधार जिम फार्ले म्हणाले, हिला 'सेलोफेन लीग' म्हणा : एक तर माल ड्यू पाँचा, आणि दुसरं, आरपार दिसतं. तरी जानेवारी १९३६मध्ये वॉशिंग्टनच्या मेफ्लॉवर हॉटेलात लीगची मोठी जेवणावळ उठली आणि रूझवेल्टचे जुने सोबती अल स्मिथ यांनी बजावलं की राजधानी एकच असू शकते, वॉशिंग्टन नाहीतर मॉस्को. हुकूमशाहीचा धोका जेवणानंतर अधिक स्पष्ट दिसतो.

दुसऱ्या बाजूनं ओरड होती की हे फारच थोडं झालं. लुइझियानाचे सिनेटर ह्यूई लाँग श्रीमंतांची संपत्ती कापून घराघरात वाटायला निघाले होते. कॅलिफोर्नियाचे डॉक्टर टाउनसेंड म्हणत, साठीपुढच्या प्रत्येकाला महिना २०० डॉलर द्या, अट एवढीच की त्यानं नोकरी करायची नाही आणि पैसे महिन्याभरात खर्चून टाकायचे. (यातली दुसरी अट आमच्या घरी कोणी न घालताच पाळली जाते.) रेडिओवरून देश गाजवणारे पाद्री कॉगलिन यांना नवा डाव आधी साक्षात ख्रिस्ताचा वाटला, मग तोच बँकवाल्यांचा वाटू लागला. टोपी फिरवायला त्यांना दोन वर्षं पुरली.

आता खरं सांगायचं तर सरकारनंही टीकाकारांना उपाशी ठेवलं नव्हतं. धंद्यातली जीवघेणी चढाओढ थांबावी म्हणून धंद्याधंद्याची नियमावली झाली. ती पाळणाऱ्याच्या दुकानावर निळ्या गरुडाचं चित्र. न्यू जर्सीतल्या एका शिंप्यानं सूट इस्त्री करायचे ४० सेंटऐवजी ३५ घेतले, म्हणून १९३४मध्ये त्याला कैद आणि दंड झाला. पाच सेंट स्वस्त दिल्याबद्दल! ब्रुकलिनच्या कोंबडीवाल्या शेक्टर बंधूंवर तर खटलाच भरला. त्यांच्या नियमावलीत होतं की गिऱ्हाइकानं खुराड्यातली कोंबडी निवडायची नाही. हात घालावा, जी लागेल ती आपली. मंडईत भेंडीची टोकं मोडून पाहिल्याशिवाय पाव किलोही न घेणाऱ्या आपल्या मावश्यांना हा कायदा कोणत्याही सरकारनं सांगून पाहावा. सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती सदरलंड यांनी शंका काढली : सगळ्या कोंबड्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसल्या तर? न्यायालय हसलं. मे १९३५मध्ये नऊच्या नऊ न्यायाधीशांनी एकमतानं गरुड खाली उतरवला. एवढा मोठा पक्षी कोंबडीच्या पायात अडकून पडल्याचं दुसरं उदाहरण माझ्या ऐकिवात नाही.

पण माझा आवडता टीकाकार माणूस नाही, खेचर आहे. शेतमालाचे भाव चढावेत म्हणून १९३३मध्ये सरकारनं पैसे देऊन सुमारे एक कोटी एकरांवरचा उभा कापूस नांगरून टाकायला लावला. साठ लाखांवर डुकरं, बरीचशी पिल्लंच, मारली. शहरांत त्याच वेळी पावासाठी रांगा. दक्षिणेतली खेचरं मात्र अडली, असं सांगतात. कापसाच्या ओळीवर पाय द्यायचा नाही, एवढं एकच त्यांना जन्मभर चाबकानं शिकवलेलं. आता त्याच चाबकाखाली तीच ओळ तुडवायची होती. धोरणातली विसंगती इतक्या थोडक्यात कोणत्याही अर्थशास्त्र्यानं मांडली नसेल.

कापूस न पिकवण्याचे पैसे जमीनमालकाला मिळत. वाट्यानं शेत कसणाऱ्याचा हिस्सा मालकाच्या हातून. 'मालकाच्या हातून' म्हणजे काय, हे आपल्याकडे कोणाला समजावून सांगायला नको. पेरा कमी झाला तशी माणसंही कमी लागली. कित्येकांची खोपटी रिकामी करून घेतली गेली, काही मालकांनी आलेल्या पैशांतून ट्रॅक्टर घेतले. जुलै १९३४मध्ये आर्कान्सातल्या टायरॉन्झा गावाजवळ ११ गोरे आणि ७ काळे कसणारे एकत्र बसले आणि त्यांनी संघटना काढली. काळा-गोरा एका संघटनेत, आणि तेही तिथे! हिला मेफ्लॉवरमध्ये जेवण नव्हतं. हिच्या सभांवर मार पडे.

१९३५मध्ये म्हातारपणच्या पेन्शनचा कायदा झाला. विरोधी वर्तमानपत्रांनी हाकाटी केली की आता प्रत्येकाच्या गळ्यात कुत्र्यासारखा नंबराचा बिल्ला येणार. शेतमजूर आणि घरकामाच्या बायका यांना या भीतीचं कारण नव्हतं. त्यांना कायद्यातून वगळलेलंच होतं, आणि दक्षिणेतले बहुतेक काळे कामकरी याच दोन कामांत होते.

आता निवडणुकीचं. 'लिटररी डायजेस्ट' या साप्ताहिकानं एक कोटी मतपत्रिका टपालानं पाठवल्या, तेवीस लाखांवर परत आल्या, आणि निकाल लागला की विरोधी उमेदवार लँडन येणार. पत्ते टेलिफोनच्या डिरेक्टरीतून आणि मोटारींच्या नोंदींतून घेतले होते. म्हणजे टोपीवाल्यांना विचारलं, टोपी कशी आहे. प्रत्यक्षात रूझवेल्टनी ४८पैकी ४६ राज्यं घेतली. साप्ताहिक दोन वर्षांत बंद पडलं.

आणि एवढं जिंकल्यावर सरकारनं काय करावं? टीकाकारांचं ऐकलं. १९३७मध्ये अंदाजपत्रक जुळवायला म्हणून कात्री लावली, सरकारी कामांवरची माणसं कमी केली. त्याच जानेवारीपासून पेन्शनची वर्गणी पगारातून कापायला सुरुवात झालेली, दरमहाची पेन्शन मात्र १९४०पर्यंत कोणालाच मिळाली नाही. चौदा टक्क्यांवर उतरलेली बेकारी पुढच्या वर्षी एकोणिसावर गेली. एप्रिल १९३८मध्ये रूझवेल्टना काँग्रेसकडे पुन्हा पैसे मागावे लागले.

धक्क्यावर परत धावपळ. भले गृहस्थ परत पाण्यात. या खेपेला त्यांनी टोपी दोन्ही हातांनी गच्च धरली होती, आणि नाकातोंडात पाणी जात असताना ते काठावरच्या मित्राला ओरडून सांगत होते, "हे बघ, दोरीवर फार खर्च करू नकोस!"