प्रयोग क्र. १ : दहावीच्या वर्गाचे पुनर्मीलन (तालुके पेण व रोहा)

उद्देश : तीस-पस्तीस वर्षांपूर्वी एका वर्गात बसलेल्या माणसांना एका दिवसासाठी पुन्हा एकत्र बसवणे आणि संध्याकाळी सर्वांना धडधाकट घरी पोचवणे. कोणाचे केस गेले, कोणाचे पोट सुटले आणि पहिल्या बाकावरचा तो हुशार मुलगा सध्या नेमके काय करतो, हा खरा उद्देश. तो प्रयोगवहीत लिहायचा नसतो.

साहित्य : एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप, एक फ्लेक्स, शाली (हयात शिक्षकांपेक्षा दोन जास्त, कारण शिपाईमामा ऐन वेळी आठवतात), नारळ, कुरकुरणारा माइक आणि गावातच राहिलेला एक वर्गमित्र.

या शेवटच्या वस्तूला पर्याय नाही. खारघर, डोंबिवली आणि पुण्यात राहणारे चाळीस जण मिळून जे काम करू शकत नाहीत, ते हा एकटा दुकान सांभाळून करतो. मुख्याध्यापकांची परवानगी, मांडववाला, कोणत्या बाईंचे गुडघे दुखतात म्हणून गाडी पाठवायची, हे सगळे त्यालाच ठाऊक. शहरातली मंडळी त्याला ग्रुपवर फक्त सूचना देतात. ड्रोन हवा, फेटे हवेत, सगळ्यांचे टी-शर्ट एका रंगाचे हवेत. नियम असा करावा की, एका सूचनेमागे दहा खुर्च्या स्वतः उचलायच्या. ग्रुपवर आपोआप शांतता नांदते.

पुढची पायरी, हजेरीपट. पेणच्या वर्गात चार म्हात्रे, पाच पाटील आणि तीन ठाकूर नसतील तर तो वर्ग पेणचा नव्हे. म्हणून आडनावावर विसंबू नये. तालुक्यातल्या दादरचा म्हात्रे, शिर्कीचा म्हात्रे, वडखळचा म्हात्रे अशी गाववार नोंद ठेवावी. तरीही दोघे उरलेच, तर शाळेतली टोपणनावे काढावीत. ती इथे छापण्याजोगी नाहीत, पण माणूस मात्र अचूक सापडतो.

मुलगे सापडतात. खरी कसोटी मुलींची. लग्नात आडनाव बदलले, काहींचे तर तांदळाच्या ताटात अंगठीने नावही नवे लिहिले गेले. त्यामुळे फेसबुकवर जुन्या नावाने शोधणारा रात्रभर शोधत बसतो. शास्त्रशुद्ध मार्ग माहेरावरून जातो. तिच्या भावाचे बाजारपेठेत दुकान असते. तिथे जाऊन आधी काहीतरी विकत घ्यावे, मग विषय काढावा. भाऊ डोक्यापासून पायापर्यंत पाहील, ‘कशाला हवाय नंबर?’ विचारील. बरोबर वर्गातली एक मैत्रीण असेल तर काम दोन मिनिटांचे. नंबर मिळाल्यावर तो परस्पर ग्रुपमध्ये टाकू नये, आधी विचारावे. रोह्याला, नागोठण्याला, कोलाडला दिलेल्या मुली अशा रीतीने हाती लागतात. एक सापडली की तीच उरलेल्या सहा जणींना घेऊन येते, कारण त्यांचा वेगळा ग्रुप आधीपासून चालू असतो. हे मुलांना तीस वर्षांत कळलेले नसते.

‘ब’ तुकडीला बोलवायचे का, हा प्रश्न ‘अ’ तुकडीने काढू नये. बोलवावे. स्वयंपाकाची माहिती असलेले सगळे तिकडेच होते.

तारीख : ही वजाबाकीने काढतात. जूनपासून पाऊस. आषाढ-श्रावणात हमरापूर-जोह्याच्या कारखानदार मित्राला फोनच करू नये. तो गणपतीच्या मूर्तीच्या डोळ्यांची आखणी करत असतो आणि त्या वेळी हात हलला तर आपले पुनर्मीलन त्याला फार महागात पडते. गणपतीत सगळे गावी असतात, पण प्रत्येक जण आपापल्या घरी दर्शनाला या म्हणतो आणि कोणीच घराबाहेर पडत नाही. दसऱ्याच्या सुमारास रोहेकर हलत नाहीत. ग्रामदैवत धावीर महाराजांची पालखी निघते, पोलीस मानवंदना देतात, आणि जगात त्या दिवशी दुसरे काही घडत असेल यावर रोहेकरांचा विश्वास नसतो. दिवाळी सासरची. मार्गशीर्षात गुरुवार कडक आणि बाकीचे वार संशयित. फेब्रुवारी-मार्चात मुलांची बोर्डाची परीक्षा, मे महिन्यात लग्ने आणि आंबे. उरतो जानेवारीचा रविवार. तोही संकष्टी किंवा एकादशीचा नको आणि मध्य रेल्वेच्या मेगाब्लॉकचा नको. अशी तारीख मिळाली तर तिच्यावर चर्चा न करता ती लगेच जाहीर करावी. चर्चा केल्यास ती पुढच्या जानेवारीत जाते.

स्थळावरून भांडण होणारच. पेणकर म्हणतात शाळा इथली, मेळावा इथे. धाटावच्या एमआयडीसीत नोकरीला लागून रोह्याचेच झालेले वर्गमित्र म्हणतात, दर वेळी आम्हीच का यायचे? शिवाय कोकण रेल्वे आमच्यापासून सुरू होते, हा मुद्दा ते मांडतात. त्याचा इथे काय संबंध, असे विचारू नये. ते रोह्यात कोणी विचारत नाही. मध्य म्हणून नागोठणे सुचते. ते कोणालाच पसंत नसते, म्हणून तडजोड उत्तम. सकाळी पेणला शाळेत, संध्याकाळी नागोठण्याच्या बाजूला कोणाच्या तरी शेतावर, असा बेत बसवावा. येणाऱ्यांनी दिवा-रोहा गाडी धरावी. जे मोटारीने येतात त्यांना उशिराचे कारण शोधावे लागत नाही. मुंबई-गोवा महामार्गाचे चौपदरीकरण २०११ मध्ये या पट्ट्यात सुरू झाले, तेव्हापासून ते कारण सर्वांना सारखे उपलब्ध आहे.

कृती : घंटा द्यावी. प्रार्थना म्हणावी, दुसऱ्या कडव्याला आवाज आपोआप खाली जातो, तिथे ओठ हलवत राहावे. हजेरी घ्यावी. बाकावर बसण्याचा मोह होतो. बसताना अडचण नाही, उठताना दोघे लागतात. मेळावा याहूनही जुन्या वर्गाचा असेल, तर ज्यांच्या दाखल्यावर ‘जिल्हा कुलाबा’ छापलेले आहे, म्हणजे १९८१ मध्ये रायगड होण्याआधी जे शाळेतून बाहेर पडले, त्यांनी थेट खुर्चीच घ्यावी.

शिक्षक आल्यावर ‘सर, ओळखलंत का?’ हा प्रश्न कायमचा वर्ज्य समजावा. सरांच्या हाताखालून चाळीस वर्षांत हजारो पोरे गेली. आपण होऊन नाव, साल, गाव आणि वडील काय करत होते, एवढे सांगून मगच वाकावे. सर ओळखतात ते फक्त वांड पोरांना. नव्वद टक्केवाला समोर उभा राहून ऑस्ट्रेलियाच्या गोष्टी सांगतो आणि सर त्याच्या खांद्यावरून मागे बघत विचारतात, ‘तो खिडकीतून पळणारा आलाय का रे?’ हुशार मुलांनी याची मानसिक तयारी घरूनच करून यावी.

आता नाजूक भाग. शाळेत मुलगे-मुली एकमेकांशी बोलतच नव्हते. वही मागायची तरी बाईंच्या मार्फत. तीच माणसे पन्नाशीत समोरासमोर आल्यावर हाक काय मारायची? ‘अगं’ म्हणावे तर तिचा नवरा शेजारी उभा. ‘अहो’ म्हणावे तर ती हसते. अनुभवी माणसे अशा वेळी कर्ता गाळून बोलतात. ‘कधी येणं झालं?’ ‘चहा झाला का?’ ‘मुलं काय करतात?’ दुपारपर्यंत अख्खा संवाद असाच निभावतो. पुढची काळजी नको, ती संध्याकाळच्या पोपटीवर, म्हणजे मडक्यात भाजलेल्या वालाच्या शेंगांवर, सोडावी.

ओळखपरेडीत प्रत्येकी दोन मिनिटे द्यावीत. एक जण हमखास प्लॉटचा दर सांगू लागतो. अटल सेतू झाल्यापासून या तालुक्यात दर दहा वर्गमित्रांमागे एक जमिनीचा एजंट निघतो, आणि त्याची वेळ पहिल्याच मिनिटाला संपली असे जाहीर करावे. बंदी घालण्याजोगा आणखी एक विषय म्हणजे पेण अर्बन बँक. २०१० मध्ये रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले आणि कित्येक घरांतल्या आयुष्यभराच्या ठेवी अडकल्या. त्याच वर्गात ठेवीदारही बसलेले असतात आणि त्या बँकेत नोकरीला असलेलेही. जेवणाआधी हा विषय निघाला तर जेवण राहते.

जे गेले त्यांची नावे वाचावीत. ती यादी कोणी मोठ्याने वाचायला तयार नसते. ती गावात राहिलेल्या त्या मित्राकडेच द्यावी, प्रत्येकाच्या मयताला तोच गेलेला असतो.

संध्याकाळी पोपटी. भात काढल्यावर शेतात वाल टाकलेले असतात, जानेवारीत शेंगा भरतात. मडक्याच्या तळाला भांबुर्ड्याचा पाला घालावा, त्यावर शेंगा, खडे मीठ, ओवा, मग बटाटे, अंडी, मसाला लावलेली कोंबडी, पुन्हा शेंगा. तोंड पाल्याने घट्ट बंद करून मडके उपडे ठेवायचे आणि भोवती गवत-काटक्या पेटवायच्या. पाण्याचा थेंब आत घालायचा नाही. सूचना देणारे इथेही येतात. ‘अजून दहा मिनिटं’ म्हणणारा नेमका तोच असतो ज्याने आयुष्यात मडके उचललेले नाही. अर्ध्या-पाऊण तासाने मडक्यावर पाणी शिंपडावे. चर्र होऊन लगेच सुकले की झाले. कागदावर पालथे करताच वाफेबरोबर भांबुर्ड्याचा वास उठतो आणि सगळे एकदम खाली बसतात, उठताना दोघे लागतात हे विसरून.

निरीक्षण : पोपटी सोलताना हात काळे होतात, फोन कोणाला धरता येत नाही. याच अर्ध्या तासात लोक एकमेकांशी बोलतात. ‘मला तेवढं अंडं दे गं’ असे कोणीतरी म्हणून जाते आणि नवऱ्यासकट कोणाच्याच लक्षात येत नाही. हुशार मुलगा ‘ब’ तुकडीतल्याला कर्जाचे हप्ते सांगत असतो. खिडकीतून पळणारा उरलेल्या शेंगा सरांसाठी वेगळ्या बांधतो.

दक्षता : वर्गणीचा हिशेब त्याच रात्री ग्रुपवर टाकावा, पावत्यांच्या फोटोंसह. दुसऱ्या दिवसावर ढकलल्यास प्रत्येक आकड्याला शंकासमाधान लागते. चारशे-पाचशे रुपये शिल्लक राहतातच. ते परत वाटायला निघाल्यास माणशी दहा-बारा रुपये येतात आणि त्यावरून तिघे ग्रुप सोडतात. शिल्लक न वाटता काशीदच्या सहलीची घोषणा करावी आणि तिची तारीख ठरवण्यासाठी समिती नेमावी. समितीत डोंबिवलीचे दोघे घ्यावेत, म्हणजे सहल होत नाही आणि पैसे सुरक्षित राहतात.