कोंबड्याची वरात

इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये वीस संघ असतात आणि तळाच्या तिघांची वर्षाअखेर खालच्या वर्गात रवानगी होते. तेव्हा सतरावा नंबर हा काठावर पास. 2025 च्या मे महिन्यात टॉटनहॅम हॉटस्पर नेमकं त्याच काठावर बसलं होतं, आणि त्याच आठवड्यात त्यांनी उघड्या बसमधून दणदणीत मिरवणूक काढली. लीगमध्ये बावीस सामने हरायचे आणि युरोपचा कप घरी आणायचा, हे एकाच हंगामात जमवणाऱ्या संघाला काय म्हणावं, हे त्यांच्या लोकांनाही कळेनासं झालं होतं. ते ऐकायला आम्ही तिथे होतो.

आम्ही म्हणजे मी, माझी भाची आणि भाचीचे वडील, अर्थात आमचे दाजी. मी लंडनला आलो होतो ब्रिटिश म्युझियम बघायला. दाजी आले होते लेकीचा संसार बघायला. दोन्ही गोष्टी तशाच राहिल्या, कारण दाजी कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतले आहेत आणि ते जिथे जातात तिथे फुटबॉल त्यांना शोधत येतो.

ज्यांना कोल्हापूर फक्त तांबड्या-पांढऱ्या रश्श्यापुरतं माहीत आहे त्यांच्यासाठी सांगतो. तिथे पेठेपेठेला तालीम आणि तालमीतालमीचा फुटबॉल संघ. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि शिवाजी तरुण मंडळ समोरासमोर आले की मंगळवार पेठेतला जावई शिवाजी पेठेतल्या सासुरवाडीला त्या आठवड्यात जात नाही. आमच्या भाचीचा नवरा कोल्हापूरचा नाही, नागपूरचा. पण लंडनला येऊन तो आर्सेनलचा झाला. आर्सेनल आणि टॉटनहॅम हे उत्तर लंडनमधले हाडवैरी. टॉटनहॅमने कप जिंकल्यावर जावयाला ऑफिसात अचानक फार काम निघालं. दाजींनी ते ओळखलं आणि त्याच्याबद्दलचं त्यांचं मत पहिल्यांदाच चांगलं झालं. "खरं माणूस हाय," म्हणाले. "दुसऱ्याच्या कपाला टाळ्या वाजवणारा जावई काय कामाचा?"

कप कसा आला ते दाजींनी बुधवारी रात्री, 21 मे रोजी, भाचीच्या सोफ्यावर बसून पाहिलं होतं. सामना स्पेनमधल्या बिल्बाओला, सान मामेस मैदानावर. समोर मँचेस्टर युनायटेड. तेही लीगमध्ये सोळावे! सोळाव्याविरुद्ध सतरावा असा युरोपचा अंतिम सामना. जवळजवळ तीन-चतुर्थांश वेळ चेंडू युनायटेडच्या पायात होता आणि गोल मात्र टॉटनहॅमचा, तोही एकच, 42 व्या मिनिटाला. बाकीचा वेळ त्यांनी गोलसमोर गर्दी करून काढला. मी अधूनमधून डुलक्या घेत होतो. दाजी मात्र सोफ्याच्या कडेवर.

शुक्रवारी साडेपाचला एडमंटन ग्रीनहून बस निघणार होती आणि हाय रोडवरून स्टेडियमपाशी येणार होती. आम्ही भुयारी रेल्वेने सेव्हन सिस्टर्सला उतरलो आणि चालत सुटलो. हा लंडनचा फोटोत येणारा भाग नव्हे. वेण्या घालून देणारी दुकानं, कच्च्या केळ्यांच्या आणि सुरणासारख्या कंदांच्या राशी लावलेली आफ्रिकी दुकानं, तुर्कांचे कबाब, आणि या बैठ्या दुकानांच्या मागून एकदम वर आलेलं 62,850 माणसं बसवणारं चकचकीत स्टेडियम. त्याच्या टाळूवर सोनेरी कोंबडा. हॅरी हॉटस्पर नावाचा एक जुना सरदार होऊन गेला. इथली जमीन त्याच्या घराण्याची. घोड्याला टाच मारायचा त्याला फार नाद. 1882 साली इथल्या शाळकरी पोरांनी क्लबला त्याचं नाव दिलं. टाचेचे काटे झुंजीच्या कोंबड्यालाही बांधतात, तेव्हा सरदार मागे पडला आणि कोंबडा वर चढला.

भाचीने सांगितलं, या स्टेडियममध्ये बिअरचा ग्लास बुडातून भरतो. ग्लासच्या तळाला लोहचुंबकाची चकती असते. यंत्रावर ठेवला की खालून फेसाळत वर येतं. दाजी थांबले. कोल्हापुरात गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर म्हैस समोर उभी करून ग्लासात धार काढून देतात. त्या धारेवर दाजींचा पिंड पोसलेला.

"आमच्यात ग्लास म्हशीखाली धरत्यात," ते म्हणाले. "हितं ग्लासालाच खालनं पान्हा फुटतोय. कर म्हणा मजा."

स्टेडियम मागे टाकून जरा पुढे, एका तुर्की बेकरीसमोर आम्हाला फुटपाथवर अडीच माणसांची जागा मिळाली. दिव्याचे खांब, बसथांब्यांची छपरं, सिग्नल, सगळीकडे माणसं चढलेली. निळा धूर सोडणारी नळकांडी. गाणं एकच, चर्चमधल्या भजनाच्या चालीवरचं, अगदी संथ सुरू होणारं आणि मग लय वाढत वाढत सगळ्यांना उड्या मारायला लावणारं. दाजींनी दुसऱ्या फेरीला ठेका पकडला. हलगी नाही याची त्यांना खंत वाटत होती.

आमच्या शेजारी एक टकलू प्लंबर होता. पोटरीवर कोंबडा गोंदलेला. पोटरी सुटली तसा कोंबडाही अंगाने भरला होता. त्याच्या पलीकडे मेच्या उन्हात लोकरी मफलर गुंडाळलेले एक आजोबा आणि त्यांची दहा-अकरा वर्षांची नात, चेहरा निम्मा निळा. मफलर 1984 चा होता. त्या साली क्लबने आधीचा युरोपीय कप जिंकला होता. त्यानंतर 2008 साली देशातला लीग कप, आणि मग सतरा वर्षं काही नाही. आजोबांनी हे सगळं आम्हाला न विचारता सांगितलं. मला वाटलं, आता हे गृहस्थ आनंदाने रडणार. पण ते लगेच म्हणाले, "आता माझ्या मुलाकडे आर्सेनलवाले जाऊन काय बोलणार? सतरा वर्षं तेच एक वाक्य होतं त्यांच्याकडे. बिचारे." चाळीस वर्षांचा मफलर गळ्यात आणि काळजी शेजाऱ्यांच्या टोमण्यांची.

मग विषय निघाला ब्रेनन जॉन्सनचा, आणि पुढचा पाऊण तास दुसरा विषय निघाला नाही.

हा वेल्सचा पोरगा. 2023 साली नॉटिंगहॅम फॉरेस्टकडून आलेला, सुमारे पावणेपाच कोटी पौंड मोजून. उजव्या बगलेवरचा खेळाडू, म्हणजे विंगर. बगलेवरच्याने काय करायचं, तर चेंडू घेऊन कडेने पळायचं, समोरच्या बचावपटूला चकवायचं आणि आत चेंडू टाकायचा. जॉन्सन यातलं फारसं काही करत नाही. तो दिसतच नाही. वीस-वीस मिनिटं त्याचं नाव समालोचक घेत नाही. आणि मग डावीकडून कुणीतरी चेंडू टाकतो, तो सगळ्यांना हुकत हुकत पलीकडच्या खांबापाशी जातो, आणि तिथे हा उभा. पाय लावतो. गोल. त्या हंगामात असे अठरा. संघात सगळ्यात जास्त.

"पण तो गोल त्याचा नव्हेच!" प्लंबर म्हणाला. बिल्बाओचा गोल. टॉटनहॅमच्याच सारने डावीकडून चेंडू टाकला, जॉन्सन त्यावर धडपडला, चेंडू युनायटेडच्या ल्यूक शॉच्या अंगाला आणि दंडाला लागून वळला आणि घरंगळत आत गेला. "मी चाळीस वेळा पाहिलाय. पहिल्यांदा त्याचा पाय लागलाच नाही."

"दुसऱ्यांदा लागला," नात म्हणाली.

"बुटाचा खिळा लागला!"

"युएफाने त्याच्या नावावर लिहिलाय," आजोबांनी युरोपच्या फुटबॉल संघटनेचा हवाला देऊन निकाल दिला.

"युएफाला कुणाच्या तरी नावावर लिहायला लागतं!"

दाजींना इंग्रजी येत नाही, पण फुटबॉल येतो. हातवाऱ्यांवरून त्यांना मामला कळला होता. भाचीने उरलेलं सांगितलं. दाजींनी मान हलवली.

"असला एक गडी प्रत्येक तालमीत असतोय," ते म्हणाले. "वाढायला कधी दिसायचा न्हाई, खरं पंगत बसली की पयल्या पानावर हजर. सांग त्याला."

भाचीने पंगत म्हणजे काय, पान म्हणजे काय, वाढणं म्हणजे काय, हे सगळं सांगून ते वाक्य इंग्रजीत नेलं. मला वाटलं, वाटेतच मरणार. पण प्लंबर जो हसायला लागला तो बसथांब्याला टेकून हसला. त्याने ते पलीकडच्या मित्राला सांगितलं, मित्राने खांबावरच्या पोराला. दहा मिनिटांनी मागून एक बाई पुढे वाकून दाजींनाच म्हणाली, जॉन्सनबद्दल इथे जुनी म्हण आहे, ठाऊक आहे का? दाजींनी ती पूर्ण ऐकून घेतली आणि "व्हेरी गुड" म्हणाले.

याच पोराला आठ महिन्यांपूर्वी, सप्टेंबरात, आर्सेनलकडून हरल्यावर लोकांनी इंस्टाग्रामवर इतक्या शिव्या घातल्या की त्याने खातंच बंद केलं. मग तीनच दिवसांनी कॉव्हेंट्रीविरुद्ध त्याने अखेरच्या क्षणी गोल करून सामना जिंकून दिला आणि पुढे लागोपाठ गोलच गोल. आजोबा हे सांगत असताना नातीने प्लंबरकडे पाहिलं. "तुम्ही पण लिहिलं होतं?"

"दोनदाच," प्लंबर म्हणाला. मग जरा विचार करून, "आणि एकदा त्याचं खातं बंद होतं म्हणून क्लबच्या खात्यावर."

वातावरण जरा अवघडलं तेव्हा दाजींनी पिशवीतून जयसिंगपूरच्या भडंगाचं पाकीट काढलं. हे पाकीट ते टॉवर ब्रिजवरही घेऊन गेले होते. आजोबांनी दोन दाणे उचलून चष्म्याजवळ धरून पाहिले. प्लंबरने ओंजळ भरून तोंडात टाकली, आणि लसूण-मिरचीचा तोबरा व निळा धूर एकाच वेळी घशात गेल्याने त्याचा चेहरा आर्सेनलच्या जर्सीच्या रंगाचा झाला. नातीने मात्र पाकीट ताब्यात घेतलं ते परत दिलं नाही.

जॉन्सनवरून मन काढून घ्यावं म्हणून मी दाजींना विचारलं, मग सामन्यातला खरा हिरो कोण? ही चूक नव्हती, पण परिणाम वाईट झाला. दाजींच्या मते खरा हिरो बचावातला डच गडी, मिकी व्हॅन द फेन. युनायटेडच्या होयलुंडने डोक्याने मारलेला चेंडू रिकाम्या गोलात जात असताना या लंबूटांग गड्याने गोलरेषेवर हवेत आडवं होऊन तो लाथेने बाहेर काढला. "असा," म्हणत दाजींनी फुटपाथवर एक पाय वर नेला. दुसऱ्या पायाला हे आधी सांगितलेलं नव्हतं. प्लंबरने त्यांना मधल्यामध्ये झेललं आणि आसपासच्या पन्नास-साठ जणांनी व्हॅन द फेनच्या नावाचा गजर केला. "पप्पा, गुडघा!" भाची ओरडली. "गुडघा ऱ्हाऊ दे," दाजी आडवेच म्हणाले, "चेंडू भाईर गेला का बघ."

बस आली. पाऊण तासाच्या वादाच्या मानाने ती फारच कमी वेळ दिसली. कर्णधार सोन ह्युंग-मिन दिसला. दहा वर्षं या क्लबमध्ये काढून त्याचा हा पहिला कप, त्यामुळे त्याच्याबद्दल मात्र कुणाचीच तक्रार नव्हती. कप दिसला. कपाला दांडे नसतात हे पाहून दाजींना वाईट वाटलं. पंधरा किलोंचा ऐवज धरायचा कुठे?

"जॉन्सन कुठाय?" प्लंबर टाचा उंचावून ओरडत होता. "बघा! बघा! बसमध्येसुद्धा दिसत नाही!"

"तो काय, पलीकडच्या बाजूला," नात भडंगाच्या तोंडाने म्हणाली.

पलीकडचा खांब! प्लंबरने जॉन्सनला पाहिलं, आणि जो माणूस पाऊण तास त्याच्या बुटाचा खिळा मोजत होता त्याने त्याच्या नावाने अशी आरोळी ठोकली की बेकरीतला तुर्क पाव टाकून बाहेर आला. बस वळणाआड जाईपर्यंत तो हात जोडून ओरडत राहिला. बस गेल्यावर आमच्याकडे वळून, घसा बसलेल्या आवाजात म्हणाला, "तरीपण पुढच्या वर्षी चांगला विंगर घ्यायला हवा."

पुढे स्टेडियमपाशी प्रशिक्षक अँज पोस्टेकोग्लू यांचं भाषण झालं. हे गृहस्थ ऑस्ट्रेलियाचे. मी दुसऱ्या वर्षी नेहमी काहीतरी जिंकतो, असं ते हंगामाच्या सुरुवातीलाच बोलून बसले होते आणि वर्षभर लोक त्यावरून त्यांची टर उडवत होते. आता चांगल्या टीव्ही मालिकांचा दाखला देऊन ते म्हणाले, तिसरा सीझन दुसऱ्याहून सरस असतो. तुफान टाळ्या. रविवारी त्यांचा संघ आपल्याच मैदानावर ब्रायटनकडून 4-1 असा हरला आणि 6 जूनला क्लबने त्यांना काढून टाकलं. सतरा वर्षांनी कप आणून देणाऱ्याला सोळा दिवस.

तोवर दाजी कोल्हापूरला पोचले होते. मी तेव्हा अजून भाचीकडेच होतो. लंडनच्या संध्याकाळी त्यांचा फोन आला. म्हणजे तिकडे रात्रीचे अकरा तरी वाजले असणार. मागे दूध कट्ट्यावरचा गलका ऐकू येत होता.

"दाजी, ऐकलंत का? अँजला काढलं!"

"काढू दे की. ते काय नवीन हाय?" दाजी म्हणाले. "पावणं, पोरीला सांगा, त्यो गोलाचा व्हिडिओ पाठव म्हणावं, शॉच्या साईडनं घेतलेला. हितं मंगळवार पेठेतला एक जण म्हंतोय त्यो गोल जॉन्सनचाच न्हवं म्हणून. आणि लवकर पाठवा, पैज लागलीय, मंडळी थांबल्यात."