ॲव्हरेजकाका

दिघ्यात आमच्या गल्लीत कुणाला गाडी घ्यायची असली की तो आधी ॲव्हरेजकाकांना गाठतो. काकांकडे स्वतःची गाडी नाही. ते 2022 पासून हायब्रीड घेताहेत.

"ग्रँड विटाराच्या हायब्रीडला कंपनी लिटरला 27.97 सांगते. पण चाचणी कुठे? प्रयोगशाळेतल्या रोलरवर! रोलरवर विटाव्याचा सबवे लागतो का?" असं म्हणून समोरच्याकडे असं बघतात, जणू तो रोलर त्यानेच बसवलाय.

शोरूमवाल्याने टेस्ट ड्राइव्हला रविवार सुचवला. काकांनी सोमवार, सकाळी साडेआठ मागितले. सोबत काकू, मुलगा, मी आणि गणपतीचा पाट. पाट डिकीसाठी. हायब्रीडची बॅटरी मागे तळाशी असते, त्यामुळे डिकी उथळ. पाट बसला.

"आणि मूर्ती?"

"काका, मूर्ती मांडीवर घेतात," सेल्समन म्हणाला. काकांनी वहीत लिहिलं: मूर्ती मांडीवर.

नेमका ठाणे-बेलापूर रस्ता रबाळ्यापर्यंत मोकळा. काका हिरमुसले. हायब्रीडची खरी कमाई गर्दीतच. रखडताना इंजिन बंद राहून गाडी मोटरवर सरकते, ब्रेक दाबला की वाया जाणारा जोर बॅटरीत जातो. मोकळ्या रस्त्यावर मात्र मुकाट पेट्रोल जळतं. म्हणून काकांनी गाडी उलटी विटाव्याकडे घ्यायला लावली, जाम शोधायला. ट्रॅफिकसाठी देव पाण्यात ठेवणारा माणूस मी तरी दुसरा पाहिला नाही.

देव पावला. एक टँकर आणि दोन रिक्षा अशा काही अडकल्या की इंजिन आपसूक बंद झालं. "श्श!" काका म्हणाले. मागचे हॉर्न बडवत होते आणि आत आम्ही पाच जण श्वास रोखून शांतता ऐकत होतो. तेवढ्यात काकूंनी एसी वाढवायला सांगितला. थोड्या वेळाने इंजिन घुरघुरलं.

"तुझ्या एसीपायी!" काका जे चिडले ते शोरूम येईपर्यंत.

रात्री वही उघडली. साध्या गाडीला गर्दीत 14 धरले, हिला 22. महिन्याचे 600 किलोमीटर, त्यातले 150 सासुरवाडीचे, नाइलाजाचे. पेट्रोल 104. बचत महिन्याला 1621 रुपये. किमतीतला फरक त्यांच्या हिशेबाने साडेतीन लाख, म्हणजे वसुलीला 18 वर्षं. आणि आरटीओची नोंदणी 15 वर्षांची.

"वरच्या तीन वर्षांचं काय?" त्यांनी मलाच दरडावलं.

जानेवारी 2024 मध्ये दिघा गाव स्टेशन सुरू झालं, तेव्हापासून काका कामावर लोकलने जातात. परवा डब्यात भेटले. गाडी ऐरोलीत शिरत होती.

"ब्रेक मारला की हीसुद्धा वीज परत देते, माहितीये?"

"आणि डिकी?"

काकांनी वरच्या रॅककडे बोट केलं. "पाट बसतो. मोजलाय."