पट्टा पोटाच्या वर की खाली?

साठी उलटलेल्या मराठी पुरुषांत दोन पंथ आहेत. पहिला पॅन्टचा पट्टा पोटाच्या वर बांधतो, दुसरा पोटाच्या खाली. पहिल्याची पॅन्ट छातीकडे सरकते आणि पायमोजे उघडे पडतात. दुसऱ्याची चपलेखाली लोळते. पण कॉलेजात होतो तेव्हाचीच कंबर आहे, हे तो ठणकावून सांगतो. खरंच आहे ते. पट्टा जिथे बसतो, तिथे कंबर नाही एवढंच.

यातलाच एखादा निवृत्तीनंतर अचानक बर्म्युडा चढवून टेकडीवर फिरायला निघतो आणि सोसायटीत चर्चा सुरू होते. वयाला काय शोभतं याचा निकाल शेजारच्या गॅलरीत लागतो आणि त्यावर अपील नसतं.

बायकांच्या बाबतीत ही गॅलरी जास्त जागरूक. आजीच्या पिढीला हा घोर नव्हता. परकर-पोलक्यातून नऊवारीत शिरलं की शेवटपर्यंत नऊवारीच. वयाप्रमाणे फार तर रंग उतरत जाई. मग सहावारी आली, गाऊन आला. गाऊनवर ओढणी टाकली की दूधवाल्यापासून सोसायटीच्या सेक्रेटरीपर्यंत कुणालाही सामोरं जाता येतं, हा शोध ज्या बाईने लावला तिचा सत्कार व्हायला हवा होता. गुडघ्यांनी पंजाबी ड्रेस आणला आणि युरोपच्या सहलीने जीन्स. तिकडे आपल्याला कोण ओळखतंय, या हिशेबाने पासष्टाव्या वर्षी पहिली जीन्स घेतली जाते. विमानतळावर कळतं, की बसभर माणसं डोंबिवलीची आणि कोथरूडची आहेत.

ज्यांनी या गॅलरीकडे पाहिलंच नाही, त्यांचं मात्र झकास जमलं. देव आनंद १९२३ सालचा. २०११ मध्ये ‘चार्जशीट’ आला तेव्हा वय ८८, आणि गळ्यातला स्कार्फ तसाच. तो शोभला, कारण तो साठीनंतर हौसेने आणलेला नव्हता; माणूस आणि स्कार्फ बरोबरच म्हातारे झाले. न्यूयॉर्कच्या आयरिस अॅफेलबाईंचं याहून भारी. चेहऱ्यापेक्षा मोठा काळा गोल चष्मा, कोपरापर्यंत बांगड्या. मेट्रोपॉलिटन म्युझियमने २००५ मध्ये त्यांच्या कपड्या-दागिन्यांचं प्रदर्शन भरवलं, तेव्हा त्या ८४ वर्षांच्या होत्या. सत्त्याण्णवाव्या वर्षी मॉडेलिंग कंपनीशी करार केला आणि २०२४ मध्ये, १०२ वर्षांच्या होऊन गेल्या. आपल्याकडे झीनत अमान २०२३ मध्ये एकाहत्तराव्या वर्षी इन्स्टाग्रामवर आल्या त्या पांढऱ्या केसांनिशी. इकडे कलप मिशीला लावू की नको यावर आमचे काका तीन दिवाळ्या विचार करताहेत.

खरी गोची रंगात किंवा फॅशनमध्ये नाही, मापात आहे. चाळिशीनंतर मणक्यांमधल्या चकत्या दबत जातात आणि दर दहा वर्षांत उंची साधारण सेंटीमीटरभर उतरते. तळपायाचे बंध सैल पडून पाऊल पसरतं, म्हणून आठ नंबरचा बूट चावू लागतो. दोष अर्थात बूटवाल्याला. खांदे पुढे झुकतात, तसा सदरा पुढून लांब आणि मागून आखूड दिसतो. केस पांढरे झाले, की ज्या फिक्या बदामी रंगाला ‘वयाला शोभणारा’ म्हणून गौरवलेलं असतं, तोच चेहऱ्याची उरलीसुरली रया घालवतो. त्यापेक्षा गडद निळा, मोरपंखी, आमसुली हे रंग मदतीला धावतात. इरकलीचा लालभडक पदर ऐंशीच्या आजींनाही खुलतो, हे महाराष्ट्राने कितीतरी पिढ्या पाहिलं आहे. आणि खांद्याची शिवण खांद्याच्या हाडावर बसलेली असेल, तर लाल चौकड्यांचा शर्टही पंच्याहत्तरीत ऐटबाज दिसतो. ती दंडावर ओघळली, की पांढराशुभ्र सदराही मागून आणल्यासारखा वाटतो.

म्हणून ज्येष्ठांना एकच विनंती. या दिवाळीला शिंप्याकडे जुना शर्ट मापाला देऊ नका, नवं माप घ्यायला सांगा. आणि टेप पोटाभोवती फिरत असताना कृपा करून श्वास आत ओढू नका.