जरा पुढं बघू

सहलीला निघालेल्या कुटुंबात कामं न सांगता वाटली जातात. एकाकडे पैसे, एकीकडे गोळ्या-औषधं, चार्जर कुणातरी पोराकडे. आणि एक माणूस असा असतो, ज्याला कुणी नेमलेलं नसतं, पण रात्री जेवायचं कुठे हे त्याच्या हातात असतं. खरं तर कुठे जेवायचं नाही एवढंच तो ठरवतो. बाकीचं नशीब ठरवतं, साधारण साडेदहाच्या सुमारास.

आमच्याकडे हे खातं दाजींचं. दाजी कोल्हापूरचे. घरी असताना ताईने वाढलेली मेथीची भाजी मुकाट्याने खातात, मीठ कमी असलं तरी हूं की चूं करत नाहीत. पण दाजीपूर मागे टाकून गाडी फोंडा घाट उतरू लागली की (दाजीपूरवरचा विनोद दरवर्षी गाडीत होतो, तो इथे करत नाही) त्यांच्या अंगात येतं. काच खाली घेतात, नाकाने वारा ओढतात आणि म्हणतात, "आता कसं, माशाचा मुलूख आला." कणकवली अजून यायची असते.

मालवणला लोक सिंधुदुर्ग किल्ला बघायला जातात. दाजीही जातात. शिवाजी महाराजांनी १६६४ साली भर समुद्रात हा किल्ला बांधायला घेतला आणि तीन वर्षांत पुरा केला, हे ते मुलांना होडीतच सांगून मोकळे होतात. चुन्यातला महाराजांच्या हातापायाचा ठसा बघून हात जोडतात. त्यानंतर किल्ल्यात त्यांचं मन रमतं ते फक्त गोड्या पाण्याच्या तीन विहिरींपाशी, कारण त्यांची नावं दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव. तिथे उभं राहून ते घड्याळ बघतात आणि रात्रीच्या जेवणाचा विषय काढतात. सकाळचे साडेदहा झालेले असतात.

संध्याकाळी खरी मोहीम सुरू होते. डिसेंबरचा शेवटचा आठवडा, साडेसातची वेळ. किल्ल्यावरून शेवटच्या होड्या परतलेल्या, तारकर्लीला पाण्यात बुड्या मारून आलेली मंडळी ओल्या केसांनी बंदरावर हिंडतायत, बाजारपेठेच्या चिंचोळ्या रस्त्यात दोन टेम्पो ट्रॅव्हलर समोरासमोर अडकलेत. जिकडे बघावं तिकडे 'घरगुती मालवणी जेवण' असा बोर्ड. तीन मजली, लिफ्ट असलेल्या हॉटेलवरही तोच. दारात उभा असलेला पोरगा "या साहेब, एसी आहे, सी व्ह्यू आहे" म्हणतो आणि आम्ही सगळे माना वळवतो. पोटात कावळे असतात, समोर रिकामी टेबलं असतात.

"जरा पुढं बघू," दाजी म्हणतात.

का, असं विचारण्याची सोय नसते, कारण उत्तर लांबतं. दाजींची शास्त्रं ठरलेली आहेत. पहिलं मेनूकार्डाचं. ज्या हॉटेलात मेनूकार्ड चार पानांच्या वर जातं तिथे मासा खायचा नाही. "अरं, ह्यांच्याकडं पनीर टिक्का हाय, मंचुरियन हाय, पावभाजी हाय. बांगड्याकडं बघायला ह्यांना सवड कधी मिळायची?" दुसरं समुद्राचं. ज्या टेबलावरून लाटा दिसतात तिथे बिलात लाटांचे पैसे धरलेले असतात. तिसरं, त्यांच्या मते अचूक, नंबरप्लेटचं. हॉटेलसमोर उभ्या गाड्यांमध्ये एमएच १२ आणि एमएच ०४ असतील तर पुणेकर आणि ठाणेकर बसलेत, चला पुढे. केए २२ दिसली तर बेळगावकर आहेत, त्यांना खाण्यातलं कळतं, पण तेही पाहुणेच. एमएच ०७ दिसली की दाजींचे डोळे लकाकतात, कारण ती सिंधुदुर्गाची. एकदा अशा तीन गाड्या एका दारात बघून आम्हाला घाईघाईने आत नेलं. तिन्ही टूरिस्ट टॅक्सी निघाल्या. चालक बाहेर कट्ट्यावर डबे उघडून बसले होते, आत मुंबईकर. आपली स्वतःची गाडी एमएच ०९ आहे आणि ती दारात लावल्यावर त्या हॉटेलचा दर्जा काय होतो, हा प्रश्न दाजींनी स्वतःला कधी घातलेला नाही.

एक गोष्ट मात्र कबूल करायला हवी. दाजींचं निदान चुकीचं नसतं. बंदराकाठच्या हॉटेलाला आज आलेलं गिऱ्हाईक पुन्हा वर्षभर दिसणार नाही हे माहीत असतं, त्याला उद्या तोंड दाखवायचं नसतं. बाजारात, बँकेतल्या कारकुनाला आणि एसटीच्या वाहकाला रोज जेवू घालणाऱ्या खानावळवालीला ती चैन नसते. आमटी बिघडली तर दुसऱ्या दिवशी चारचौघांत ऐकून घ्यावं लागतं. शिवाय किनाऱ्यावरचा धंदा दिवाळीपासून मेपर्यंतचा. पावसाळ्यात समुद्र खवळतो, १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते, पर्यटक पांगतात. उरलेल्या महिन्यांत वर्षाचं भाडं काढायचं, तर पुण्याला पनीर आणि पोरांना नूडल्स दिल्याशिवाय भागत नाही. हे सगळं दाजी फार छान समजावून सांगतात. जेवायला बसून सांगितलं असतं तर आणखी छान वाटलं असतं.

(बंदीच्या काळात, जून महिन्यात, एकदा दाजी मालवणला गेले होते आणि "आत्ता बोटीतून उतरलेली सुरमई" मागत होते. हॉटेलवाल्याने त्यांना खिडकीतून समुद्र दाखवला.)

निदान बरोबर, पण औषध शोधण्याची रीत फार दमवणारी. दाजींचा स्थानिक माणसावर अपार विश्वास. रिक्षावाला, औषधाच्या दुकानातला मुलगा, एटीएमचा रखवालदार, जो दिसेल त्याला गाठून ते विचारतात, "तुम्ही लोक जेवायला कुठं जाता?" यात 'तुम्ही लोक'वर जोर असतो. आणि हे ते मालवणीत विचारतात. दाजींची मालवणी 'वस्त्रहरण' नाटकाच्या व्हिडिओवरून शिकलेली आहे, त्यामुळे त्यांच्या साध्या प्रश्नालाही समोरच्याने हसावं अशी त्यांची अपेक्षा असते. धुरीवाड्याच्या कोपऱ्यावर एका वयस्कर गृहस्थांना त्यांनी असंच अडवलं. गृहस्थांच्या हातात कोथिंबिरीची जुडी आणि एक काळी पिशवी.

"मी?" ते म्हणाले. "मी घराक जेवतंय."

"तसं नव्हं हो, हाटेलात जायचं झालं तर?"

"हाटेलात कित्याक जातलंय? बायल आसा, मासे आसत." पिशवी किंचित वर करून दाखवली आणि निघून गेले. दाजी त्या पिशवीकडे ती गल्लीत दिसेनाशी होईपर्यंत बघत होते. मला क्षणभर वाटलं, मागोमाग जातात की काय.

पुढच्या हॉटेलात, इथे तरी बसू म्हणून ताईने पर्स टेबलावर ठेवलीसुद्धा, दाजींनी वेटरला झोकात विचारलं, "काय रे, आज काय गावतला?" वेटर गोंधळला. नेपाळचा होता बिचारा. "साब, हिंदी में बोलिए," म्हणाला. झालं. "स्वयंपाकीपण तिकडचाच असणार," म्हणून दाजी उठले. ताईने पर्स उचलली. उठण्यापूर्वी त्यांनी मासा मात्र बघून घेतला, कारण मासा न बघता उठणं त्यांच्या तत्त्वात बसत नाही. वेटरने ताटलीत सुरमई आणली. दाजींनी कल्ला उचलून लाली पाहिली, डोळ्यात डोळा घालून बघितलं, बोटाने दाबून खड्डा भरून येतो का ते तपासलं. स्वतःच्या मुलीसाठी स्थळ बघतानाही त्यांनी इतकी चौकशी केली नव्हती. "बर्फातली हाय," त्यांनी निकाल दिला.

होती. असणारच. सुट्टीच्या गर्दीत प्रत्येक टेबलावरून सुरमई नाही तर पापलेट, एवढीच मागणी येते. मालवणच्या होड्यांनी इतकी सुरमई आणावी कुठून? मग ती बाहेरून बर्फात बसून येते. तिथल्या तिथे मिळणारे ताजे बांगडे, तारली, सौंदाळे, मुडदुशे हॉटेलांच्या पाटीवर खाली बारीक अक्षरांत असतात आणि माणसांच्या घरी जातात. आमच्या दाजींचं सगळं त्रांगडं इथे आहे. त्यांना जागा हवी स्थानिकांची आणि ताटात हवी पाहुण्यांची सुरमई. हे दोन्ही एका छपराखाली सापडत नाही म्हणून ते चालत राहतात. बंदरावरून बाजारपेठ, बाजारपेठेतून भरड नाका, तिथून धुरीवाडा, आणि पुन्हा बाजारपेठ.

या वारीत एकच व्यक्ती प्रसन्न असते, ती म्हणजे ताईच्या सासूबाई. त्या माळकरी. मासा शिवायचा नाही, मासा तळलेल्या कढईतलंही चालायचं नाही. त्यामुळे त्यांनी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी घरूनच आणलेली असते. साडेसातला गाडीत बसून शांतपणे जेवतात, पाणी पितात आणि मग लेकाचा शोध बघायला आमच्याबरोबर चालतात. "मिळंल रे बाळा," अधूनमधून धीर देतात. त्यांना घाई नसते. मुलं मात्र नवाच्या सुमाराला बंड करतात. त्यांना कोपऱ्यावरच्या गाड्यावर शेवपुरी खाऊ घालून गप्प केलं जातं. मी तिथे मुलांकडे लक्ष ठेवायला थांबतो. दोन प्लेट लक्ष ठेवून होतं.

एका वर्षी दाजींनी या सगळ्यावर जालीम उपाय काढला. हॉटेलवाल्यांचा भरवसाच नको. पहाटे उठून किनाऱ्यावर गेले. तिथे रापण ओढायला चालली होती. लांबच लांब जाळं होडीने समुद्रात अर्धगोल टाकून यायचं आणि दोन्ही टोकांना माणसांनी उभं राहून ते किनाऱ्याकडे ओढायचं. दाजींनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि दोरीला हात लावला. किती जोर लावला ते समुद्राला ठाऊक, पण शेवटी कुणीतरी त्यांच्या रुमालात ओंजळभर पेडवे टाकले. दाजी विजयी मुद्रेने लॉजवर आले. लॉजमध्ये चूल नाही. मग ते पेडवे घेऊन तळून देणारा शोधत आमची वरात निघाली. मासे आणून दिले तर करून देणारी ठिकाणं मालवणात आहेत, पण ओंजळभर पेडव्यांसाठी कढई तापवायला कुणी राजी होईना. अखेर एकीने तळून दिले, तोवर दुपारचे तीन वाजले होते. प्रत्येकाच्या वाट्याला दोन-दोन आले. चांगले होते. दाजी ती गोष्ट अजून सांगतात, आणि सांगताना पेडवे वाढत जातात. यंदा ऐकलं तेव्हा टोपलीभर झाले होते.

तर त्या डिसेंबरच्या रात्री दहाच्या सुमारास आम्ही बाजारामागच्या एका बोळात उभे होतो. एका घराच्या ओटीवर ट्यूबलाइट, चार टेबलं, भिंतीवर कालनिर्णय. बोर्ड नव्हता. बोर्ड नाही म्हटल्यावर दाजींचा श्वासच अडकला. आत एक बाई ताटं विसळत होत्या.

"वैनी, जेवण मिळंल?"

"मासे सरले," त्या म्हणाल्या. "जेवान दुपारचा असता आमचा. रातीचा काय उरात ता."

हे दाजींना कोणी कधी सांगितलं नव्हतं असं नाही. घरगुती खानावळीचं खरं जेवण दुपारचं. सकाळी बाजारातून मासा येतो, बारा वाजता ताटात पडतो. पण दुपारी दाजींना भूक नसते, कारण सकाळी घावणे-चटणी आणि खापरोळ्या हादडलेल्या असतात.

"सुरमई नाय एखादी तुकडी?" दाजींचा आवाज पहिल्यांदाच मऊ झाला होता.

"सुरमय मी आणणयच नाय. बांगडे आसत चार-पाच. आमटी आसा. भाकरी करतंय."

दाजींनी आमच्याकडे बघितलं. पुढे बोळ संपत होता. ताई बसली. तिच्या बसण्यात असं काहीतरी होतं की दाजीही बसले.

त्या बांगड्यांच्या आमटीबद्दल लिहायला हवं. तिरफळांचा वास आधी आला, मग आमटी. ओलं खोबरं गंधासारखं वाटलेलं, आंबटाला सोलं, तिखट बेताचं. तव्यावरची तांदळाची भाकरी हाताला चटका देत होती. बांगड्याचं मांस काट्यावरून आपणहून सुटत होतं. सोलकढी फ्रीजमधली नव्हती, गार नव्हती, पण लसणीचा नुसता इशारा होता आणि नारळ गोड होता. पंधरा मिनिटं कुणी बोललं नाही. मुलांनी काटे काढून मागितले नाहीत, स्वतः काढले. तांबड्या-पांढऱ्यावर वाढलेल्या माणसाने, आपल्या गावाबाहेरच्या रश्श्यात तिखट शोधायचं नाही, हे दाजींनी बहुधा त्याच रात्री मान्य केलं. तीन वाट्या आमटी प्यायले. सासूबाई बाजूच्या खुर्चीवर बसून सगळ्यांकडे कौतुकाने बघत होत्या.

चौथी वाटी मागताना दाजींनी मान वर केली. मी ओळखलं. डोळ्यांत ती चमक आली होती. मी त्यांचा हात धरणार होतो, पण उशीर झाला.

"वैनी," ते म्हणाले, "एक विचारू? तुमाला स्वतःला मासं खावंसं वाटलं, तर तुमी कुठं जाता?"

बाई भाकरी थापता थापता थांबल्या. असं त्यांना कुणी विचारलं नसावं. जरा लाजल्या.

"मी? भयणीकडे. देवबागाक. तिच्या हाताक चव आसा. माज्या नाय तशी."

दाजींनी घास ताटात ठेवला, हात धुतला आणि खिशातून फोन काढला. "देवबागात कुठं? देवळाच्या अलीकडं का पलीकडं?" ते विचारू लागले. ताईने त्यांच्या ताटातला अर्धा बांगडा उचलला आणि आपल्या ताटात घेतला.